खात्रीचा माणूस

"माणूस अगदी खात्रीचा," बाबा पाहुण्यांना सांगत होते. पाहुण्यांना बंगल्यात स्विमिंग पूल बांधायचा होता, म्हणून ते आमच्या कंत्राटदाराची चौकशी करायला आले होते. आमच्या पूलसाठी खणलेल्या खड्ड्यात आईची मेथी छान आली होती.

कंत्राटदार गेल्या दिवाळीपासून आमच्याच गच्चीवरच्या खोलीत राहत होता. काम करत नव्हता, आणि जा म्हटलं की रडायचा. पाहुण्यांनी नेला, तरच आमची सुटका होती.

"आजच घेऊन जा," आई म्हणाली. तिने त्याची बॅगही भरली होती.

इतक्यात तो डोळे पुसत आला. "काका, एवढा विश्वास टाकलात! तुमचं काम अर्धवट सोडून मी कसा जाऊ?"

पाहुणे भारावले. "असा माणूस मिळत नाही हो! आधी तुमचं होऊ द्या, आम्ही थांबतो."