वीतभर जागा

गवंडी फरशीवर उकिडवा बसला आणि डोकं खाजवायला लागला. भिंत घालायची होती एक आणि फरशीवर रेघा होत्या दोन. एक पेन्सिलीची, एक खडूची. मध्ये चांगलं वीतभर अंतर.

घर वडिलांचं. वडील जाऊन वर्ष झालं होतं आणि दोघा भावांचं बोलणं बंद होऊन सहा महिने. थोरला मागच्या अंगणात कपाटं, पलंग बनवायचा. धाकटा टेलर, पुढच्या खोलीत मशीन टाकून बसलेला. एक दिवस वारा फिरला आणि थोरल्याचा लाकडाचा भुसा धाकट्यानं इस्त्री करून ठेवलेल्या पांढऱ्या कोटावर जाऊन बसला. कोटावरून गोष्ट निघाली ती वडिलांच्या आजारपणात दवाखान्यात कोण किती वेळा गेलं इथपर्यंत पोचली. भांडणाला काय, पाय फुटतात. शेवटी ठरलं, मधोमध असलेली पुढची-मागची दारं बुजवायची, तिथून सरळ भिंत घालायची आणि दोघांनी आपापली नवी दारं पाडायची. एकमेकांचं तोंड बघायला नको.

मधल्या बहिणीला हक्कसोडीच्या सहीपुरतं बोलावलं होतं. हिस्सा मागायचं तिच्या मनातही नव्हतं. पण माहेर तिला हवं होतं, आणि एकच हवं होतं. भिंत झाली की पिशवी घेऊन आधी कुठल्या दारात उभं राहायचं? एकाकडे जेवली की दुसरा फुगणार, हे तिला पक्कं माहीत होतं. सकाळपासून ती कागद मांडीवर घेऊन बसली होती आणि पेनाचं टोपण काढत-लावत होती. रडू येत होतं, पण या दोघांपुढे रडायचं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

दोन रेघांचं असं झालं होतं. घर तीस फूट रुंद, प्रत्येकी पंधरा. बोलणं बंद, म्हणून मापंही वेगवेगळी घेतलेली. थोरल्याची जन्माची सवय, कपाट कोनाड्यात अडकू नये म्हणून चार बोटं कमी धरायची. धाकट्याची सवय, शिलाईत जातं म्हणून चार बोटं सोडायची. वर दोघांनी आणखी दोन-दोन बोटं सोडली होती, अब्रूची. उद्या कोणी म्हणायला नको, भावाचं लुबाडलं.

"त्याला सांगा, मधली पट्टी त्याची," थोरला गवंड्याला म्हणाला. "मला फुकटचं नको."

"दादाला सांगा, मी काही लोचट नाही," धाकटा गवंड्याला म्हणाला. "पट्टी त्याचीच."

सहा महिने अबोला धरून घराचे दोन तुकडे करायला निघालेली ही माणसं आता वीतभर जागा एकमेकांच्या गळ्यात मारत होती.

"माझी तरी नाही बुवा," गवंडी म्हणाला. "पण नऊ इंची भिंत इथे झक्कास बसेल."

"मला द्या ती," बहीण म्हणाली. "तेवढी सोडून बाकीच्यावर सही करते."

दोघांनी सुस्कारा सोडला. थोरल्यानं कानावरचं पेन काढलं आणि कागदावर लिहिलं, मधली वीतभर पट्टी, पुढच्या दारापासून मागच्या दारापर्यंत, बहिणीची. दोघांनी खाली सह्या ठोकल्या. तिनं दोनदा वाचलं, आपली सही केली, कागद घडी करून पर्समध्ये टाकला आणि पर्सची चेन लावली.

गवंड्यानं माल कालवला, दोरी ताणली आणि पहिली वीट उचलली.

"दादा," बहीण थोरल्याकडे बघत शांतपणे म्हणाली, "ही वीट माझ्या जागेत कशाला?"

गवंड्याचा हात तिथेच थांबला.

"भिंत तुमची. ज्याला हवी त्यानं आपल्या रेघेच्या आत घालावी. मी कोण नाही म्हणणार?"

थोरल्यानं पेन्सिलीच्या रेघेकडे बघितलं. नऊ इंच आत म्हणजे त्याचं लाकूड ठेवायचं फडताळ गेलं. "मी का घालू माझ्यातून?" तो म्हणाला. धाकट्याचं मशीन खडूच्या रेघेला चिकटूनच होतं. "मग मी का?" तो म्हणाला. दोघं सहा महिन्यांत पहिल्यांदा एकमेकांशी बोलले, हे दोघांच्याही लक्षात आलं नाही. गवंड्यानं वीट परत ढिगावर ठेवली आणि हात धुवायला गेला.

"अगं ताई, वीतभर जागा ती," धाकटा वैतागला. "धड पाय पसरायला होत नाही त्यात. करणार काय तू तिचं?"

"ये-जा," ती म्हणाली.