ओवीचा कप्पा

“तुमच्या सासऱ्यांच्या सगळ्या आठवणी बसल्या,” स्मृतिभांडारातली तंत्रज्ञ हेमांगीला म्हणाली. “शेवटचा एक तुकडा तेवढा राहिलाय. त्याला नवा कप्पा लागेल, आणि तुमच्या कुटुंबाचे कप्पे संपलेत.”

हेमांगीने पडद्याकडे पाहिलं. कोपऱ्यातला एक कप्पा ओवीचा होता. जन्मल्यावर तासाभरात गेलेल्या तिच्या लेकीचं रडणं त्यात ठेवलं होतं. बाकी सगळा कप्पा रिकामा होता.

“ओवीच्याच कप्प्यात बसवा ना तो तुकडा. केवढी जागा आहे!”

“एका कप्प्यात एकाचंच राहतं. तुकडा केवढाही असो, अख्खा कप्पा अडतो.”

“मग सोडून द्या तो तुकडा.”

“वडीलमाणसाचं अर्धवट ठेवायचं नाही,” तिचा नवरा अनिरुद्ध म्हणाला. त्याने पडद्यावर अंगठा टेकवला आणि ओवीचा कप्पा पुसला गेला.

तेराव्याला जमलेल्या नातेवाइकांना आप्पांच्या आठवणी ऐकवल्या. शेवटच्या कप्प्यात आप्पा खाकरले आणि म्हणाले, “हेमांगी, चहात साखर कमी आहे.”

सगळे कौतुकाने हसले. त्यापुढचा सगळा कप्पा रिकामा होता.