भोंग्याची चाचणी

काकांनी सकाळीच अख्ख्या गल्लीला बजावलं होतं, "आज गॅरेजमध्ये चोरांसाठी भोंगा बसवतोय. वाजला तर धावत येऊ नका, चाचणी असेल."

"भोंगा वाजला की दार आपोआप बंद! चोर आतच सापडला पाहिजे," असं म्हणत त्यांनी इलेक्ट्रिशियनला बटण दाबायला लावलं. भोंगा बोंबलला, दार धाडकन खाली आलं आणि उघडायचा रिमोट बाहेर स्टुलावरच राहिल्याचं काकांना आठवलं. दार बडवून दोघांचे हात लाल झाले, ओरडून घसे बसले.

भोंग्याने क्षणभर दम घेतला, तेव्हा बाहेरून काकूंचा कौतुकाने भरलेला आवाज आला,



"आमच्या ह्यांचं सगळंच बारकाईचं हो! बघा, अडकलेला चोर कसा ओरडेल, तेसुद्धा करून बघतायत!"