दोन सारख्या बाटल्या

आईनं चौथी बशी भिंतीवर फोडली तेव्हा फादर बाटल्यांची बुचं तपासत होते.

“पंधरा दिवस हेच चाललंय,” मुलगा येरझाऱ्या घालत म्हणाला. “वृद्धाश्रमात जागा मिळाली त्या दिवसापासून. पुरुषी आवाजात शिव्या देते. डॉक्टर, आजार असेल तर तसं लिहून द्या. गाडी खाली उभी आहे.”

“आणि सैतान असेल तर?” डॉक्टरांनी विचारलं.

“तर आश्रम चालवणाऱ्या सिस्टर घेणार नाहीत. त्यांचा नियमच आहे.” दाराशी बांधून ठेवलेल्या बॅगेकडे त्यानं काळजीनं पाहिलं.

“आमचाही एक नियम आहे,” फादर म्हणाले. “आधी डॉक्टर, मग सैतान. नाहीतर जो तो आपला राग त्या बिचाऱ्याच्या नावावर खपवेल.”

डॉक्टरांनी नाडी पाहिली, डोळ्यांत बॅटरी मारली.

“आजी, आज वार कोणता?”

“गुरुवार, गाढवा.”

गुरुवारच होता. डोकं शाबूत होतं.

मग बाटल्या. दिसायला अगदी जुळ्या. एकीत पवित्र पाणी, दुसरीत नळाचं. कुठली कोणती हे फक्त फादरांना ठाऊक. ढोंगी माणूस इथे हमखास सापडतो.

पहिली बाटली फादरांनी एका हातानं पुढे केली. आई घटाघटा प्यायली. दुसरी त्यांनी दोन्ही हातांनी उचलली. थेंब अंगावर पडताच आई अशी किंचाळली, की खाली गाडीवाल्यानं दचकून हॉर्न वाजवला.

डॉक्टरांनी क्रम बदलायला लावला. एकदा नाही, पाचदा. आई एकदाही चुकली नाही.

“हे माझ्या पुस्तकात नाही,” डॉक्टर घाम पुसत म्हणाले. “महिन्यातली ही चौथी. सगळ्या सत्तरीपुढच्या.”

“सैतानालाही शांत जागा लागते,” फादर म्हणाले.

“मग काढा ना त्याला!” मुलगा ओरडला.

“बिशपांची परवानगी लागते. अर्ज करतो. पहिला सहा वर्षं पडून आहे. तोवर यांना घराबाहेर न्यायचं नाही, यांच्यावर आवाज चढवायचा नाही. आणि खिडकीजवळची खुर्ची द्या.”

“ती माझी खुर्ची आहे.”

“त्याला सांगून बघा.”

मुलानं मुकाट्यानं बॅग सोडायला घेतली. गाडी रिकामी गेली.

फादर चर्चमागच्या स्वयंपाकघरात परतले. एकाच नळाखाली धरून त्यांनी दोन्ही बाटल्या काठोकाठ भरल्या, बुचं लावली आणि झाडलोट करणाऱ्या मावशींना विचारलं, “उद्या कुणाची आई?”