जायफळाची कॉफी

ह्यांच्या पिंडाला कावळा शिवेना. दिरांनी शब्द दिला, मुलाने दिला, तरी घाटावरचा एकही कावळा झाडावरून उतरेना. भटजी घड्याळ बघू लागले.

“बाबांचा जीव कॉफीत अडकलाय, आई,” मुलगा म्हणाला. मी थर्मास उघडला. पहाटे उठून केली होती, तीस वर्षं करत आले तशीच. दूध आटवून, जायफळ किसून. द्रोणात ओतून पिंडाशेजारी ठेवली. कावळ्यांनी नुसती मान वळवली.

मागून ह्यांच्या ऑफिसातली एक बाई पुढे आली. तिने पर्समधून छोटा थर्मास काढला. “घरून करून आणलीय,” माझ्याकडे न बघता ती म्हणाली, “बिनदुधाची. जायफळाचा वासही सोसायचा नाही त्यांना.”

माझा कप तर ते रोज तळापर्यंत प्यायचे. कधी एक अक्षर बोलले नाहीत.

तिचा द्रोण टेकला आणि कावळा झेपावला. पिंडाला चोच लागताच सगळ्यांनी सुस्कारा सोडून हात जोडले. माझ्या हातात थर्मासचं झाकण तसंच राहिलं.

मुलाने तिला वाकून नमस्कार केला. “काकू,” तो म्हणाला, “तेराव्यालाही कॉफी तुम्हीच आणाल ना?”