भाबड्या श्रद्धेचं निवेदन

"माझ्या पत्नीच्या भाबड्या श्रद्धेतून, नवरात्रात परदेशातही घट बसवता यावा या भावनेने, मुलीच्या बॅगेत शेतातील माती व धान्य ठेवले गेले. यामागे कोणाचाही गैरहेतू नव्हता. घटनेचा विपर्यास करू नये ही नम्र विनंती."

हे निवेदन शेखररावांनी योगिनीच्या विधी महाविद्यालयाला पाठवलं आणि मग सगळ्या भाऊबंदांच्या ग्रुपवरही टाकलं. योगिनीनं ते मुंबईच्या विमानतळावर, परत आलेल्या आपल्याच बॅगेची वाट पाहताना वाचलं. निवेदनाखाली जोडलेल्या हातांच्या इमोजींची रांग लागली होती. एका बाईच्या अडाणीपणावर इतकं एकमत नातेवाइकांत यापूर्वी कधी झालेलं तिला आठवत नव्हतं.

वर्षभरासाठी ती मेलबर्नच्या विद्यापीठात निघाली होती. विमानतळाच्या बाहेरचं मेलबर्न तिनं पाहिलंच नाही. स्वेटरच्या घडीतून अधिकाऱ्यानं कापडाची पुरचुंडी काढली आणि टेबलावर सोडली. बॅग तुम्हीच भरली का, असं त्यानं विचारलं. ती हो म्हणाली, कारण भरली तिनंच होती. माती आणि बियाणं लपवून आणल्याबद्दल व्हिसा रद्द झाला आणि त्या देशाचं दार काही वर्षांसाठी बंद झालं. परतीच्या विमानात ती रडली नाही. डोळे मिटून टेबलावरचे दाणे पुन्हा पुन्हा पाहत राहिली.

नाशिकच्या घरात फुलाआत्या आधीच येऊन बसली होती.

"देवाचंच करायला गेली गं तुझी आई," ती म्हणाली. "पण त्या सरकारला कुठं देव कळतोय? लय भोळी. मी दादाला तेव्हाच म्हटलं होतं, वणीकडची पोरगी करतोस, गडावरच्या देवीचं खूळ घेऊन येईल."

सुवर्णा ओट्याशी पाठमोरी उभी होती. लेकीकडे तिनं वळून पाहिलं नाही. योगिनी तिच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

"आई, घटात धान्य कुठलं घालतेस?"

"हे काय विचारणं झालं? घरातलं. डब्यातलं, निवडून."

"पेरणीचा मका? तो गुलाबी, औषध चोळलेला?"

सुवर्णा पहिल्यांदाच वळली. "देवीपुढं विष मांडू होय मी?"

"पुरचुंडीत तोच होता."

 सुवर्णानं कुकरखालचा गॅस बारीक केला.

"त्यांनी लिहून पाठवलंय ना," ती म्हणाली. "मग मीच ठेवलं असेल."

पंचवीस वर्षांच्या संसारात या बाईनं किती गोष्टी अशाच अंगावर घेतल्या असतील, असा प्रश्न योगिनीच्या मनात आला. त्याचं उत्तर शोधण्यात तिनं वेळ घालवला नाही. पेरणीच्या मक्याची पोती शेखररावांच्या निर्यातीची द्राक्षं भरायच्या पॅकहाऊसच्या कोपऱ्यात होती. सुवर्णाला तिथं जायला कारण नव्हतं. बायकांनी तिथं फक्त हंगामात, टोप्या घालून, द्राक्षं निवडायला यायचं असा शेखररावांचाच दंडक होता. आणि निघायच्या आदल्या दिवशी बंद केलेली बॅग तिथं गेली होती. "काट्यावर नीट वजन करून आणतो," असं म्हणून ती कोण घेऊन गेलं, हे आठवायला कायद्याच्या पदवीची गरज नव्हती.

शेखरराव बाहेरच्या खोलीत बसले होते. मागच्या भिंतीवर लेकीच्या सत्काराचा फोटो होता. त्यात त्यांच्याच खांद्यावर शाल होती. मुलगी परदेशी शिकायला जाते म्हणजे अख्खा तालुका शिकतो, असं त्यांनी त्या दिवशी माइकवरून सांगितलं होतं आणि टाळ्या घेतल्या होत्या.

"ये बाळा," ते म्हणाले. "झालं ते झालं. मनाला लावून घेऊ नको. इथं काय कमी आहे तुला?"

"पप्पा, मागच्या हंगामात तुम्ही भरलेला कंटेनर उतरवायला लावला होता."

"कुठलं काय काढलंस?"

"एका क्रेटच्या बुडाला चिखल दिसला म्हणून. तुम्ही सगळ्यांना उभं करून सांगितलंत, बाहेरच्या देशात मातीचा कण गेला तरी माल परत येतो. मी तिथंच होते."

शेखररावांनी चष्मा काढून धोतराला पुसायला घेतला.

"आईला हा नियम माहीत नव्हता," योगिनी म्हणाली. "या घरात तो एकाच माणसाला तोंडपाठ आहे. मका पॅकहाऊसमधला आहे. बॅगही तिथंच गेली होती."

"बापाशी वकिली करतेस?"

"वकील अजून झाले नाही. होणार आहे. पुढच्या वर्षी दुसऱ्या देशात अर्ज करतेय, आणि बॅग आईच भरणार आहे. त्याला तुमची परवानगी मागायला मी आलेले नाही. आईवर ढकललंय ते तेवढं काढून घ्या. आज. सगळ्यांसमोर."

आत्या उंबऱ्यात येऊन उभी होती. तिच्या मागे, पदराला हात पुसत, सुवर्णाही. शेखररावांनी बहिणीकडे पाहिलं. बायकोकडे पाहायचं त्यांनी टाळलं. चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ते भाषणाच्या आवाजात बोलले नाहीत.

"माती मीच ठेवली. तू गेली असतीस तर परत आली नसतीस, हे मला दिसत होतं. पण सत्कार झाला होता, पेढे वाटून झाले होते. चारचौघांत तुला जाऊ नको कोणत्या तोंडानं म्हणणार? म्हटलं, नाही म्हणायचं ते तिकडच्या सरकारनंच म्हणावं."