ओला पट्टा

रस्त्यावरचे पांढरे पट्टे वर्षातून एकदा नव्याने रंगवले जात. त्या सकाळी रस्तेखात्यातले अभियंता बाबा नेहमीसारखे डावा पाय ओढत कामाला निघाले. "ओल्या पट्ट्यावर पाय दिलास, तर तुलाच रंगवीन हं!" असं लेकीला म्हणाले. दुपारी मजूर जेवायला गेले असताना, ओल्या रंगाची एकट्याने राखण करता करता ते कोसळले आणि गेलेच.

पुढल्या वर्षी काम तिच्या फाटकापर्यंत आलं. भर दुपारी, बंद रस्त्यावर चिटपाखरूही नसताना, ओल्या पट्ट्यात उजवं पाऊल उमटलं.

मग डावं, ओढलेलं.

पावलं तिच्यासमोर येऊन थांबली.



"बाबा, त्या दुपारी तुमचा फोन तीनदा आला," ती म्हणाली. "मी फोनसमोरच बसले होते. उचलायचा कंटाळा केला."